गुठळीच्या अँटीबॉडीची टेस्ट म्हणजे एपीएलए : नागपुरात सॅम्पल द्यायला येणारे लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी धंतोलीत एका लॅबमध्ये काम करते, क्लॉटिंगच्या टेस्टचं टेबल माझ्याकडे आहे. रामदासपेठ, मेडिकल चौक, कधी वर्धा-भंडाऱ्याहून चिठ्ठी घेऊन लोक येतात, चिठ्ठीवर लिहिलेलं असतं 'एपीएलए प्रोफाइल' आणि चेहऱ्यावर भीती असते. काउंटरवर बोलायला दोन मिनिटं भेटतात, मागे लाइन असते, म्हणून तेच तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे नीट लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, औषध कोणतं आणि किती ते तुमचे डॉक्टरच सांगतील, पण टेस्ट कशी होते, कुठे बिघडते आणि रिपोर्ट कसा वाचायचा हे मी रोज बघते.

ही टेस्ट नेमकी कशाची आहे?

आपलं शरीर जंतूंशी लढायला अँटीबॉडी बनवतं. काही लोकांमध्ये त्या स्वतःच्याच शरीराविरुद्ध बनतात, आणि त्यातल्या काही अशा असतात की पेशींच्या आवरणातल्या फॉस्फोलिपिड नावाच्या चरबीला चिकटलेल्या प्रोटीनवर जाऊन बसतात आणि मग नको तिथे रक्ताची गुठळी व्हायला लागते, पायात, फुफ्फुसात, मेंदूत, कधी गर्भाच्या वारेवरही परिणाम होतो. ह्या आजाराला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात, तोंडात बसलेलं नाव एपीएस. १९८३ मध्ये लंडनच्या डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी तो नीट मांडला म्हणून जुने डॉक्टर ह्यूज सिंड्रोमही म्हणतात.

टेस्ट एक नाही, तीन आहेत. ल्युपस अँटिकोआग्युलंट म्हणजे एलए, अँटिकार्डिओलिपिन, आणि अँटी बीटा-टू ग्लायकोप्रोटीन वन. शेवटच्या दोन्हींमध्ये आयजीजी आणि आयजीएम ह्या अँटीबॉडीच्या दोन प्रकारांचे दोन-दोन आकडे येतात. कधी कधी चिठ्ठीवर फक्त 'एसीएल' म्हणजे अँटिकार्डिओलिपिन लिहून येतं आणि तेवढीच टेस्ट होते, तर डॉक्टरांना एकदा विचारून घ्या की तिन्ही पाहिजेत का, कारण एक निगेटिव्ह आणि दुसरी पॉझिटिव्ह असं खूपदा होतं.

मला काहून लिहून दिली? मी तर चांगली आहे.

बहुतेक वेळा कारण ह्यातलंच असतं: कमी वयात, म्हणजे साधारण पन्नाशीच्या आत, काही खास कारण नसताना गुठळी किंवा लकवा झाला, गुठळी वेगळ्याच जागी झाली जसं मेंदूच्या किंवा लिव्हरच्या शिरेत, गर्भ वारंवार पडले, दहा आठवड्यांनंतर पोटात बाळ गेलं, बीपी खूप वाढून ३४ आठवड्यांच्या आत डिलिव्हरी करावी लागली, किंवा आधीच ल्युपस आहे, म्हणजे शरीराच्या अँटीबॉडी स्वतःच्याच अवयवांवर उलटतात तो आजार. अजून एक, ऑपरेशनच्या आधी एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट केली आणि ती वेळ उगाच लांबलेली निघाली.

नावात 'ल्युपस' आहे, म्हणजे मला ल्युपस झाला का? आणि 'अँटिकोआग्युलंट' म्हणजे माझं रक्त पातळ आहे का?

दोन्हीचं उत्तर नाही. हे नावच चुकीचं पडलंय आणि त्याचा त्रास रोज कोणाला ना कोणाला होतो. १९५२ मध्ये ल्युपसच्या पेशंटच्या रक्तात असं काहीतरी सापडलं जे ट्यूबमध्ये रक्त गोठायला उशीर लावत होतं, पुढे १९७२ मध्ये त्याला 'ल्युपस अँटिकोआग्युलंट' नाव दिलं गेलं आणि ते चिकटलं. पण एलए पॉझिटिव्ह असलेल्या कितीतरी लोकांना ल्युपस नसतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ट्यूबमध्ये आम्ही रक्त गोठवायला जे रसायन टाकतो त्यात फॉस्फोलिपिड असतं, अँटीबॉडी त्यालाच धरून बसते, म्हणून मशीनवर वेळ लांबते. शरीरात मात्र उलटं होतं, गुठळीच वाढते. एक काकू रडत आल्या होत्या, कोणीतरी सांगितलं होतं की तुमचं रक्त गोठत नाही, ऑपरेशन करता येणार नाही. त्यांचा एपीटीटी लांबलेला होता, आम्ही तो निरोगी माणसाचा प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पिवळा पातळ भाग अर्धा-अर्धा मिसळून परत केला, वेळ नॉर्मलवर आली नाही. एखादा फॅक्टर म्हणजे रक्त गोठवणारं प्रोटीन कमी असतं तर मिसळल्यावर ती सुधारली असती, इथे अडवणारं काहीतरी प्लाझ्मात होतं, पुढच्या टेस्टमध्ये ते एलए निघालं. म्हणजे काकूंना धोका रक्तस्रावाचा कमी आणि गुठळीचा जास्त होता, एकदम विरुद्ध.

रिपोर्टवर 'रसेल्स व्हायपर व्हेनम' लिहिलंय. सापाचं विष? कोणाला टोचता का?

कोणालाही टोचत नाही, घाबरू नका. विष फक्त ट्यूबमध्ये जातं, तेही खूप पातळ करून. रसेल्स व्हायपर म्हणजे आपली घोणस, विदर्भात शेतावर काम करणाऱ्या प्रत्येकाला माहिती असलेली, कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसणारी. तिचं इंग्रजी नाव पॅट्रिक रसेल ह्या स्कॉटिश डॉक्टरवरून पडलंय, त्याने अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रास प्रांतात राहून भारतातल्या सापांवर पुस्तक लिहिलं होतं.

घोणस चावली की रक्ताचं गोठणं बिघडतं कारण तिच्या विषात फॅक्टर टेनला सरळ जागं करणारा पदार्थ आहे. तीच गोष्ट आम्ही टेस्टमध्ये वापरतो. विष टाकलं की वरचे बरेच फॅक्टर बाजूला राहतात आणि थेट शेवटच्या टप्प्यापासून गोठणं सुरू होतं. पहिल्या ट्यूबमध्ये फॉस्फोलिपिड मुद्दाम कमी ठेवतात, त्यात अँटीबॉडी असली तर वेळ लांबते. दुसऱ्या ट्यूबमध्ये फॉस्फोलिपिड भरपूर टाकतात, अँटीबॉडी त्यात गुंतून जाते आणि वेळ परत जवळ येते. दोन्हींचा रेशो काढला की कळतं. साधारण १.२ च्या आसपास रेष असते पण प्रत्येक लॅब स्वतःची रेष ठरवते, म्हणून रिपोर्टवर बाजूला छापलेली रेंजच बघा. ह्याच टेस्टला डीआरव्हीव्हीटी म्हणतात. सोबत एपीटीटीवर आधारलेली दुसरी टेस्टही करतात, दोन्हीपैकी एक जरी पक्की पॉझिटिव्ह असली तरी एलए पॉझिटिव्ह धरतात.

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. टेस्ट चालेल का?

हा प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारला नाही तर आम्ही विचारूच, आणि खरं सांगा, लपवू नका. वॉरफेरिन, ॲसिट्रॉम, हेपरिनचं इंजेक्शन, रिव्हरॉक्साबॅन, अपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान, ह्या सगळ्यांनी एलएची टेस्ट बिघडू शकते. रिव्हरॉक्साबॅनने तर डीआरव्हीव्हीटी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणजे माणसाला अँटीबॉडी नाहीच आणि रिपोर्ट म्हणतो आहे. काही लॅबमध्ये प्लाझ्मात कोळशाची पावडर टाकून आधी रिव्हरॉक्साबॅन, अपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान शोषून घेतात आणि मग टेस्ट करतात. पोटाच्या कातडीखाली टोचायच्या क्लेक्सेनसारख्या हेपरिन इंजेक्शनचं असं आहे की शेवटच्या डोसनंतर निदान १२ तासांनी, पुढचा डोस घ्यायच्या आधी सॅम्पल द्यायचं.

कार्डिओलिपिन आणि बीटा-टूवर मात्र ह्या औषधांचा फरक पडत नाही, त्या कधीही करता येतात.

आणि हात जोडून सांगते, टेस्टसाठी म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. मागच्या वर्षी एक भाऊ चार दिवस गोळी सोडून आले, म्हणे 'टेस्ट चांगली यावी म्हणून'. पायात ताजी गुठळी असलेला माणूस! आम्ही सॅम्पल न घेता आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.

उपाशी यायचं का?

अँटीबॉडीसाठी गरज नाही. फक्त सावजी रस्सा खाऊन लगेच येऊ नका, तेलकट खाल्ल्यावर प्लाझ्मा दुधासारखा होतो आणि उजेडाने मोजणाऱ्या मशीनला गोठण्याची वेळ नीट दिसत नाही. पाणी भरपूर प्या, मे महिन्यात तर जास्तच, शीर सापडायला सोपं जातं.

परत रक्त द्यायला काहून बोलावलं? पहिलं सॅम्पल हरवलं का?

हरवलं नाही, नाकारलं. हे जरा लांब सांगते कारण माझ्या मते अर्ध्या चुकीच्या रिपोर्टचं मूळ इथेच असतं आणि लोकांना हे कोणी सांगतच नाही.

एलएचं रक्त फिकट निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात, त्यात ३.२ टक्के सोडियम सायट्रेट आधीच भरलेलं असतं. रक्त नऊ भाग आणि सायट्रेट एक भाग, हे माप चुकलं की संपलं. ट्यूबवर रेघ असते, त्या रेघेपर्यंत रक्त भरलं पाहिजे. अर्धीच भरली तर सायट्रेट जास्त होतं, वेळ खोटी लांबते आणि माणूस विनाकारण 'पॉझिटिव्ह' होतो. घेतल्यावर ट्यूब हळूच तीन-चार वेळा उलटी-सुलटी करायची, झटकायची नाही. तळाशी छोटी गाठ जरी दिसली तरी ते सॅम्पल बाद. हिमोग्लोबिन खूप जास्त असलेल्या माणसात, म्हणजे हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा भाग) ५५ टक्क्यांच्या वर असेल तर सायट्रेट कमी करावं लागतं, तेही विसरलं जातं.

मग सेंट्रिफ्यूज, आणि एकदा नाही, दोनदा फिरवायचं. पहिल्यांदा फिरवल्यावर वर पिवळा प्लाझ्मा येतो, मी पिपेटने वरचाच घेते, खालचा पांढरा थर हलू नये म्हणून थोडा प्लाझ्मा तसाच सोडते, दुसऱ्या प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये टाकून परत फिरवते आणि परत तळ सोडून वरचं उचलते. एवढं काहून? कारण प्लेटलेट उरल्या की प्लाझ्मा फ्रीज करताना त्या फुटतात, त्यांच्यातून फॉस्फोलिपिड बाहेर येतं, अँटीबॉडी त्यात गुंतते आणि खरा पॉझिटिव्ह माणूस निगेटिव्ह दिसतो. प्लाझ्मात मायक्रोलिटरमागे दहा हजारांपेक्षा कमी प्लेटलेट राहिल्या पाहिजेत. हे सगळं रक्त काढल्यापासून चार तासांत झालं पाहिजे, आणि टेस्ट तेवढ्यात होणार नसेल तर फिरवलेला प्लाझ्मा त्याच वेळेत फ्रीज करून ठेवायचा.

आता नागपूरचा उन्हाळा बघा. बाहेर ४५ डिग्री, गावातल्या कलेक्शन सेंटरहून सॅम्पल मोटरसायकलच्या डिक्कीत येतं, ट्यूब हातात घेतली की गरम लागते. आणि काही जण काळजीने ट्यूब थेट बर्फात ठेवून पाठवतात, तेही चूक, न फिरवलेलं रक्त साध्या खोलीच्या तापमानाला, १८ ते २५ डिग्रीत यायला हवं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, एलएची टेस्ट असेल तर जिथे फिरवून फ्रीज करायची सोय आहे तिथेच येऊन रक्त द्या. घरून कलेक्शन शुगर-थायरॉइडला ठीक आहे, ह्याला नाही. दुसऱ्या शहरात सॅम्पल जाणार असेल तर विचारा, 'प्लाझ्मा फ्रोझन जाणार का, दोनदा फिरवणार का?' विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

कार्डिओलिपिन आयजीजी २२ आलंय, रिपोर्टवर लाल अक्षरात 'पॉझिटिव्ह'. आता?

श्वास घ्या. किटची कटऑफ कुठे १०, कुठे १२, कुठे २०, तिच्या वर गेलं की कॉम्प्युटर लाल करतो. पण आजार ठरवताना तज्ज्ञ जे निकष बघतात त्यात २००६ पासून ४० युनिटच्या वरचा आकडा धरतात, आणि २०२३ च्या नव्या निकषांत ४० ते ७९ मध्यम आणि ८० च्या वर जास्त असं केलंय. त्या नव्या निकषांत एकट्या आयजीएमला फारच कमी वजन आहे. तर २२ हा आकडा फाइलला लावून ठेवायचा, डॉक्टरांना दाखवायचा, पण त्यावरून स्वतःला आजारी ठरवायचं नाही. तब्येत ठणठणीत असलेल्या लोकांतही थोड्यांना ह्या अँटीबॉडी सापडतात आणि कधीच काही होत नाही.

१२ आठवड्यांनी परत करा म्हणतात. पैसे काढायचा धंदा आहे का हा?

नाही, आणि हा प्रश्न मी मनापासून घेते कारण टेस्ट महाग आहे हे मला माहिती आहे.

साधा व्हायरल ताप, डेंग्यू, कोविड, हिपॅटायटिस सी, काही फिट्सची आणि मानसिक आजाराची औषधं, ह्यांनी ह्या अँटीबॉडी काही काळासाठी वर येऊ शकतात आणि बऱ्याचदा नंतर आपोआप जातात. अंगात सूज-इन्फेक्शन असेल आणि सीआरपी (सूज दाखवणारं रक्तातलं प्रोटीन) वाढलेला असेल तर एपीटीटीवरची एलए टेस्टही फसते. खरा एपीएस असेल तर अँटीबॉडी टिकून राहते. म्हणून दोन टेस्टमध्ये निदान १२ आठवडे पाहिजेत, मेच्या शेवटी पहिली झाली तर दुसरी साधारण पोळा-मारबतीच्या सुमाराला.

माझ्या वहिनीचं सांगते. दुसरा गर्भ गेला आणि आठच दिवसांत, अंगात ताप असताना, कोणीतरी टेस्ट करायला लावली. कार्डिओलिपिन आयजीएम ३१. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की हिच्या रक्तातच दोष आहे, आईसुद्धा म्हणाली. वहिनी तीन महिने मान खाली घालून वावरली, हळदीकुंकवाला जाणं सोडलं. मी रोज सांगत होते की थांबा, दुसरी होऊ द्या, कोणी ऐकेना. १२ आठवड्यांनी मी स्वतः तिचं रक्त काढलं, स्वतः फिरवलं, तिन्ही टेस्ट केल्या, आयजीएम ८, बाकी सगळं निगेटिव्ह. रिपोर्ट मी आईच्या हातात दिला आणि मोठ्याने वाचायला लावला.

बायकोची व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली, घरात भांडण पेटलंय. डॉक्टर म्हणतात एपीएलए करा. ह्याचा काय संबंध?

खूप संबंध आहे, आणि भाऊ, आधी भांडण थांबवा. व्हीडीआरएल ही सिफिलिसची टेस्ट, पण ती जंतू शोधत नाही. तिच्या रसायनात कार्डिओलिपिन असतं, ज्या अँटीबॉडी त्याला चिकटतात त्या मोजते. वासरमन यांनी १९०६ मध्ये सिफिलिसची पहिली रक्तटेस्ट काढली, पुढे १९४० च्या सुरुवातीला मेरी पँगबॉर्न यांनी गायी-बैलांच्या हृदयातून कार्डिओलिपिन वेगळं केलं आणि त्यानंतर ह्या टेस्ट सुधारल्या. पण तेव्हापासूनच दिसत होतं की काही जणांना सिफिलिस नसतानाही टेस्ट पॉझिटिव्ह येते. त्यातल्या काहींमध्ये हीच गुठळीची अँटीबॉडी असते.

तर टीपीएचए करा, ती सिफिलिसच्या जंतूविरुद्धची अँटीबॉडी बघते. टीपीएचए निगेटिव्ह आणि व्हीडीआरएल पॉझिटिव्ह असेल तर डॉक्टर खोट्या पॉझिटिव्हचा विचार करतात, आणि बायकोच्या चारित्र्यावर बोलायच्या आधी हे माहिती असायला हवं. गर्भारपणाच्या पहिल्या तपासणीत व्हीडीआरएल होतेच, त्यामुळे हा प्रसंग जास्त करून गरोदर बाईवरच येतो, तिला त्या वेळेस आधार पाहिजे असतो.

मी गरोदर आहे. आता टेस्ट करू की नंतर?

डॉक्टरांनी सांगितली तर आत्ताच करा. एवढं लक्षात ठेवा की गरोदरपणात फॅक्टर एट वाढतो आणि एपीटीटीवरची एलए दबून निगेटिव्ह दिसू शकते, म्हणून कधी कधी डिलिव्हरीनंतर काही आठवड्यांनी परत बघावं लागतं. कार्डिओलिपिन आणि बीटा-टू आता केलं तरी चालतं. एपीएस पक्का असेल तर कमी डोसची ॲस्पिरिन आणि हेपरिनचं इंजेक्शन देतात आणि त्याने खूप जणींची बाळं सुखरूप हातात आली आहेत. वॉरफेरिन-ॲसिट्रॉम चालू असताना दिवस गेल्याचं कळलं तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, ते बाळाला सोसत नाही.

आमच्या घरात सिकलसेल आहे. हीच ती टेस्ट का?

नाही. सिकलसेल आईवडिलांकडून येतो, त्याची टेस्ट जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधून इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने होते. पण विदर्भात सिकलसेल बराच आहे आणि त्यातही गुठळ्या आणि गरोदरपणाचा त्रास होतो, म्हणून डॉक्टर दोन्ही लिहू शकतात. प्रोटीन सी, प्रोटीन एस, फॅक्टर फाइव्ह लायडेन ह्या गुठळीच्याच दुसऱ्या टेस्ट, तेही वेगळंच प्रकरण.

दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत. कोण खोटं बोलतंय?

कोणीच नाही. किट वेगळं, मशीन वेगळं, आकडा वेगळा. पहिली आणि १२ आठवड्यांची टेस्ट एकाच लॅबमध्ये करा एवढंच सांगेन.

'ट्रिपल पॉझिटिव्ह' म्हणजे?

तिन्ही टेस्ट पॉझिटिव्ह. ह्यांच्यात गुठळीचा धोका सगळ्यात जास्त. अशा लोकांवर रिव्हरॉक्साबॅन आणि वॉरफेरिनची तुलना इटलीत झाली होती, २०१८ मध्ये निकाल छापून आले, रिव्हरॉक्साबॅनच्या गटात त्रास जास्त झाल्यामुळे अभ्यास मधेच थांबवावा लागला. म्हणून डॉक्टरांनी तुम्हाला जुनीच वॉरफेरिन दिली आणि दर महिन्याला आयएनआर (वॉरफेरिनने रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारी टेस्ट) करायला लावला तर चिडू नका, कारण आहे. आणि बोट टोचून आयएनआर दाखवणारी छोटी मशीन एलए पॉझिटिव्ह लोकांत चुकीचा आकडा दाखवू शकते, शिरेतून रक्त देऊनच करा.

नंतर टेस्ट निगेटिव्ह आली तर गोळी बंद?

ते रिपोर्ट बघून ठरत नाही, गुठळी कुठे झाली, कशाने झाली ते बघून डॉक्टर ठरवतात. पुष्कळांना आयुष्यभर घ्यावी लागते.

पोरांची, बहिणीची पण करून घेऊ का?

सिकलसेल जसा आईवडिलांकडून येतो तसं हे सरळ वारशाने येत नाही. त्यांना काही त्रास नसेल तर उगाच सगळ्या घराची टेस्ट करायची गरज नाही.

दुसऱ्या वेळेस येताना काय आणू?

पहिला मूळ रिपोर्ट, मोबाइलवरचा अर्धा कापलेला फोटो नको, त्यावर तारीख आणि रेंज दिसली पाहिजे. चालू औषधांची चिठ्ठी, आणि शेवटची गोळी किंवा इंजेक्शन किती वाजता घेतलं ते. गेल्या महिन्यात ताप, इन्फेक्शन, ऑपरेशन झालं असेल तर तेही. सकाळी लवकर या, उन्हाच्या आधी, म्हणजे दुपारपर्यंत दोनदा फिरवून तुमचा प्लाझ्मा फ्रीजरमध्ये गेलेला असेल.